दोन इंचांवर थांबलेला ट्रक

घाटात चहाला थांबलेल्या भरल्या ट्रकच्या मागच्या चाकाखाली दगड नाही, असं क्वचितच दिसतं. कसारा असो, आंबोली असो की कुंभार्ली, ड्रायव्हर हँडब्रेक लावतो आणि क्लीनर खाली उडी मारून आधी दगड शोधतो. कागदावर पाहिलं तर या दगडाची काहीच गरज नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांप्रमाणे डोंगराळ मुलखातल्या रस्त्याचा चढ ५ टक्क्यांपर्यंत ठेवायचा, जागाच नसेल तर ६, आणि अगदी अपवाद म्हणून ७. उभ्या कड्यांच्या प्रदेशात ही अपवादाची मर्यादा ८ टक्क्यांपर्यंत जाते. ट्रकच्या पार्किंग ब्रेककडून मात्र १८ टक्क्यांची अपेक्षा असते. संयुक्त राष्ट्रांचा आर-१३ हा ब्रेकविषयीचा नियम सांगतो की, पूर्ण भरलेली गाडी १८ टक्के चढावर आणि तितक्याच उतारावर नुसत्या पार्किंग ब्रेकच्या जोरावर जागच्या जागी उभी राहिली पाहिजे. आपलं आयएस ११८५२ हे मानक त्याच धर्तीचं आहे. अमेरिकेत हीच अट २० टक्क्यांची आहे. म्हणजे घाटाला लागते त्याच्या दुपटीहून जास्त ताकद ब्रेकमध्ये आधीच घालून दिलेली असते.

तरीही उभे केलेले ट्रक घरंगळतात, आणि खाली कोण उभं आहे हे ते पाहत नाहीत. ही दुपटीची शिल्लक जाते कुठे, हे समजून घ्यायचं तर मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला, बूस्टरमधून बाहेर येणाऱ्या एका लोखंडी दांडीपाशी जावं लागतं. ती दांडी किती पुढे येते यावर बहुतेक सगळं ठरतं. पण तिच्याकडे वळण्याआधी उताराचा हिशेब मांडून घेऊ.

५ टक्के चढ म्हणजे १०० मीटर पुढे गेल्यावर ५ मीटर वर. एवढ्या लहान कोनासाठी हिशेब सोपा आहे : गाडीच्या वजनाचे जितके टक्के चढ, जवळपास तितकेच टक्के वजन तिला उताराच्या दिशेने ओढतं. २०१८ मध्ये वजनाच्या मर्यादा वाढवल्या गेल्या, तेव्हा दोन आसांच्या ट्रकचं एकूण वजन साडेअठरा टन झालं : पुढच्या आसावर ७ टन, चार टायरच्या मागच्या आसावर साडेअकरा. हा ट्रक ५ टक्क्यांवर उभा केला तर सव्वानऊशे किलोची ओढ लागते, ८ टक्क्यांवर जवळपास दीड टनाची. १८ टक्क्यांवर ती सव्वातीन टनांच्या वर जाते. हे सगळं ओझं पार्किंग ब्रेकने एकट्याने पेलायचं, आणि तेही बहुतेक ट्रकमध्ये फक्त मागच्या चाकांवर, कारण पार्किंगची यंत्रणा सहसा तिथेच बसवलेली असते.

रस्त्याच्या मानकातला चढ हा मध्यरेषेवरचा असतो, हेही इथे लक्षात ठेवायला हवं. वळणाच्या आतल्या बाजूने तेवढीच उंची कमी अंतरात चढावी लागते. मध्यरेषेची त्रिज्या २० मीटर आणि आतल्या चाकाची वाट १५ मीटर त्रिज्येची असेल, तर ५ टक्क्यांचा चढ त्या चाकाखाली पावणेसात टक्क्यांच्या जवळ जातो. घाटात गाडी बंद पडते ती नेमकी अशाच वळणावर, कारण इंजिनावर ताण तिथेच सगळ्यात जास्त येतो. आणि मोठे रस्ते सोडून रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या चिरेखाणीत किंवा एखाद्या वाडीकडे जाणाऱ्या पाखाडीवर गेलं की कुठलंही मानक उरत नाही. तिथे जमीन जशी आहे तसा रस्ता.

आता ब्रेक. मोठ्या ट्रकचा पायब्रेक हवेवर चालतो. पायाखालची झडप उघडली की टाकीतली दाबाची हवा चाकाजवळच्या बूस्टरमध्ये जाते, आतला रबरी पडदा फुगतो आणि दांडी पुढे ढकलली जाते. पार्किंग ब्रेक नेमका उलट चालतो. मागच्या चाकांवरचे बूस्टर दुहेरी असतात. त्यांच्या मागच्या डब्यात एक जाडजूड स्प्रिंग दाबून बसवलेली असते आणि तिला दाबून धरायचं काम हवा करते. ड्रायव्हरने हँडब्रेकची कळ ओढली की ही हवा भस्सकन बाहेर पडते, स्प्रिंग मोकळी होते आणि तीच दांडी पुढे ढकलते. टाकीत सात-आठ किलो एअर (दर चौरस सेंटिमीटरला तेवढा दाब) असते तोवर स्प्रिंग गुमान दाबलेली राहते. दाब पाच किलोंच्या आसपास उतरला की ती डोकं वर काढायला लागते, आणि हवा पुरती गेली की ब्रेक आपोआप लागतो. सकाळी एअर भरेपर्यंत ट्रक जागचा हलत नाही तो याच कारणाने.

बिघडलं तर थांबायचं, हा विचार मुळात रेल्वेतला. जॉर्ज वेस्टिंगहाऊसने १८६९ मध्ये पहिला हवेचा ब्रेक आणला, त्यात पाइपात दाबाची हवा भरली की ब्रेक लागायचा. पाइप तुटला तर मात्र ब्रेकच जायचा. म्हणून तीन वर्षांनी त्याने मांडणी उलटी केली : पाइपातला दाब उतरला की ब्रेक लागेल. ट्रकच्या स्प्रिंगने त्याहून एक पाऊल पुढे टाकलं. रेल्वेच्या ब्रेकमध्ये शेवटी धरून ठेवणारी शक्ती डब्याखालच्या टाकीतली हवाच असते, आणि हवा कधी ना कधी गळते. ट्रकमध्ये धरून ठेवतं ते पोलाद. स्प्रिंग आठवडाभर उभी राहिली तरी गळत नाही. उतारावर उभ्या राहणाऱ्या वाहनासाठी यापेक्षा चांगली कल्पना मला तरी माहीत नाही.

पण स्प्रिंगचा एक स्वभाव आहे. ती जितकी दाबलेली तितका तिचा जोर, आणि सैल होत गेली की जोर त्याच प्रमाणात उतरतो. हवेचं असं नाही. टाकीत दाब आहे तोवर पडद्यावरचा जोर बराच टिकून राहतो, म्हणून चालत्या गाडीत पायब्रेक ठीक वाटतो. तोच ट्रक पार्किंगला कच्चा निघतो. उदाहरणादाखल असं धरू की दांडी एक इंच बाहेर आलेली असताना स्प्रिंगचा जोर ८५० किलो आहे आणि पुढच्या प्रत्येक मिलिमीटरला तो आठ किलोंनी घटतो. दोन इंचांवर उरले साडेसहाशे. अडीच इंचांवर आणखी शंभर कमी, आणि तिथे तर बूस्टरची चालच संपते. पडद्याला डब्याची भिंत लागते आणि त्यानंतर स्प्रिंगमध्ये कितीही जोर शिल्लक असला तरी तो लायनरपर्यंत, म्हणजे ब्रेक-शूवरच्या घासणाऱ्या थरापर्यंत, पोहोचत नाही.

दांडीचा हा जोर पुढे कसा जातो तेही पाहायला हवं. दांडीचं टोक स्लॅकला जोडलेलं असतं. स्लॅक म्हणजे साडेपाच-सहा इंच लांबीची तरफ. ती एक आडवा दांडा फिरवते, त्याच्या दुसऱ्या टोकाला इंग्रजी एस अक्षराच्या आकाराचा कॅम असतो, आणि तो कॅम दोन्ही ब्रेक-शू फाकवून ड्रमला आतून चिकटवतो. सहा इंचांची तरफ आणि कॅमची जेमतेम अर्ध्या इंचाची त्रिज्या, म्हणजे जोर सुमारे बारा पट होतो. फुकट मात्र काहीच मिळत नाही. जोर बारा पट, तर चाल एक बारांश. कॅमपाशी एका मिलिमीटरची झीज झाली की दांडीला बारा मिलिमीटर जास्त चालावं लागतं. लायनर झिजतो, ड्रम आतून मोठा होतो, कॅमचं बुश ढिलं होतं, स्लॅकची पिन आपल्या भोकात खेळायला लागते. यातली एकेक झीज डोळ्याला दिसणार नाही इतकी बारीक असते, आणि त्या सगळ्यांची बेरीज त्या दांडीवर येऊन पडते. त्यात स्लॅक आणि दांडी यांच्यातला कोन ब्रेक लागताना काटकोनाच्या जवळ असेल तरच तरफ पूर्ण कामाला येते. दांडी फार पुढे गेली की कोन बिघडतो, आणि मग जोरही कमी, तरफही कमी.

बूस्टरवर कोरलेला आकडा त्याच्या पडद्याचं क्षेत्रफळ चौरस इंचांत सांगतो. साध्या ३० नंबरच्या बूस्टरची पूर्ण चाल अडीच इंच असते, आणि ब्रेक लागताना दांडी दोन इंचांहून जास्त बाहेर आली तर तो ब्रेक बाद समजायचा. २४ नंबरसाठी ही मर्यादा पावणेदोन इंचांची. लांब चालीचे बूस्टर वेगळे येतात, त्यांची मर्यादा वेगळी.

दांडीची ही चाल मोजायला महागडं यंत्र लागत नाही. गाडी सपाटीवर घ्यायची, चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावायचे, टाकीत साडेसहा-सात किलो एअर भरली की इंजिन बंद, हँडब्रेक सोडलेला. हेल्पर मागच्या आसाखाली सरपटत जातो. बूस्टरच्या तोंडाशी, दांडी जिथून बाहेर येते नेमक्या तिथे, तो खडूने एक रेघ मारतो. “दादा, दाबा!” वर ड्रायव्हर पायब्रेक पूर्ण दाबून धरतो. खाली सुस्कारा ऐकू येतो, स्लॅक कलते आणि खडूची रेघ बूस्टरच्या तोंडापासून दूर सरकून थांबते. मधलं अंतर पट्टीने मोजायचं. मग दुसऱ्या चाकापाशी तेच. दोन्ही बाजूंचे आकडे जवळजवळ सारखे आले पाहिजेत. एकीकडे दीड इंच आणि दुसरीकडे सव्वादोन असेल, तर उतारावरचं निम्मं ओझं उचलायला माणूसच नाही असं समजावं. मदतीला कोणी नसेल तर हँडब्रेक सोडून, चाकांना ठोकळे लावून स्लॅक हाताने ओढून पाहायची. दांडी एक इंचाहून जास्त हलली तर ब्रेक टाइट करायची वेळ झाली.

हाताने टाइट करायच्या स्लॅकवर एक नट असतो. शू ड्रमला टेकेपर्यंत तो आवळायचा आणि मग पाव ते अर्धा फेरा मागे घ्यायचा. नव्या गाड्यांमध्ये स्लॅक आपोआप टाइट होते, आणि इथेच एक चुकीचं काम सर्रास चालतं. आपोआप टाइट होणारी स्लॅक ढिली सापडली की पाना घालून नट फिरवून देतात. दोन दिवस ब्रेक छान लागतो आणि पुन्हा तेच. स्वतःचं काम स्वतः करणारं यंत्र ते काम करत नसेल, तर बिघाड आणखी कुठेतरी असतो : झिजलेलं बुश, खेळणारी पिन, चुकीच्या मापाची स्लॅक, किंवा स्लॅक आतून गेलेली. नट फिरवणं म्हणजे तो बिघाड झाकणं. घाटात चालणाऱ्या गाडीच्या बाबतीत अशी झाकपाक करणाऱ्या गॅरेजमध्ये पुन्हा पाऊल ठेवू नये.

टो करून आणलेल्या गाडीत आणखी एक गोष्ट तपासायची असते. हवा नसताना गाडी ओढून न्यायची तर स्प्रिंग एका लांब बोल्टने मागे खेचून बांधतात. काम झाल्यावर तो बोल्ट काढायचा राहिला, तर हवा सोडल्याचा आवाज येतो, कळ ओढलेली दिसते, आणि त्या चाकाला ब्रेक मात्र लागतच नाही. या स्प्रिंगचा डबा रस्त्याच्या कडेला उघडण्याच्या भानगडीत कुणीही पडू नये. आतली स्प्रिंग सुटली तर माणूस मरतो.

घाट उतरून लगेच थांबलेल्या ट्रकची गोष्ट वेगळीच आहे, आणि माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित तीच. पायब्रेकवर रेंगाळत घाट उतरला की ड्रम तापतो. लोखंड तापलं की फुगतं : ओतीव लोखंड अंशामागे सुमारे अकरा दशलक्षांश. ड्रमचा आतला व्यास ४१० मिलिमीटर आणि तापमान २०० अंशांनी वाढलं, तर व्यास जवळजवळ ०.९ मिलिमीटरने मोठा होतो, त्रिज्या ०.४५ ने. शू एका टोकाला पिनवर फिरतो आणि दुसऱ्या टोकाला कॅम ढकलतो. म्हणजे त्याचा मध्य ०.४५ मिलिमीटर सरकायचा तर कॅमपाशी सुमारे दुप्पट, ०.९ मिलिमीटर सरकावं लागतं. त्याला बाराने गुणा. दांडीला एक सेंटिमीटरहून थोडं जास्त पुढे यावं लागतं. तापलेला लायनर थोडा फुगून यातलं काही भरून काढतो, पण दोन इंचांची मर्यादा आणि अडीच इंचांची भिंत यांच्यात अंतरच मुळी पावणेतेरा मिलिमीटरचं. गार असताना ज्या गाडीची दांडी पावणेदोन इंचांवर थांबते, ती घाटाच्या पायथ्याशी सव्वादोनच्या जवळ गेलेली असते. वरून तापलेल्या लायनरची पकडही उतरते. स्प्रिंगचा जोर कमी, घर्षण कमी, आणि नेमका त्याच वेळी ड्रायव्हर म्हणतो, गाडीला जरा विश्रांती देऊ.

अशा वेळी सपाट जागा गाठायची, चाकांना आधी ठोकळे लावायचे आणि ड्रमला हात जवळ नेण्याइतपत गार होऊ द्यायचं. फार तापलेल्या ड्रमवर स्प्रिंग ब्रेक लावून सोडला तर गार होताना आक्रसणारा ड्रम आतल्या शूंवर आवळतो, आणि त्याला तडे जाण्याची भीती असते. खरा उपाय आधीचा आहे. घाट ज्या गेअरने चढला असता त्याच गेअरने उतरावा, म्हणजे वेग इंजिन धरून ठेवतं आणि ड्रम थंड राहतात. घाटाच्या पायथ्याशी उभा राहणारा ब्रेक माथ्यावरच्या गेअरने वाचवलेला असतो.

समजा ब्रेक अगदी चोख आहे, चाकं जागच्या जागी आवळली आहेत. तरी गाडी सरकू शकते, कारण शेवटी धरून ठेवतं ते टायर आणि जमीन यांच्यातलं घर्षण. १८ टक्के उतारावरचा आपला साडेअठरा टनांचा ट्रक पुन्हा घेऊ. मालासकट त्याच्या वजनाचा मध्य जमिनीपासून १.६ मीटर उंच आणि दोन आसांमधलं अंतर ४.२ मीटर धरलं, तर उतारामुळे सव्वा टन वजन वरच्या आसाकडून खालच्या आसाकडे सरकतं. तोंड वर असेल तर मागच्या आसावर साडेबारा टनांहून थोडं जास्त, तोंड खाली असेल तर दहा टनांच्या आसपास. ओढ दोन्ही वेळा सारखीच, सव्वातीन टन. पहिल्या वेळी घर्षण ०.२६ असलं तरी भागतं, दुसऱ्या वेळी ०.३२ लागतं. कोरड्या डांबरावर याची दुपटीने सोय असते. पण पावसाळ्यात चिरेखाणीच्या तांबड्या चिखलावर, किंवा डांबरावर पसरलेल्या बारीक खडीवर, तेवढाच फरक गाडी राहणार की जाणार हे ठरवतो. तोंड खाली करून उभ्या केलेल्या ट्रकचे मागचे टायर न फिरता घसरत जातात ते असे. तिथे ब्रेक कितीही टाइट केला तरी उपयोग नाही. जागा बदलावी लागते किंवा चाकाखाली आधार द्यावा लागतो.

हवेचा ब्रेक नसलेल्या लहान मालगाड्यांचा हँडब्रेक केबलवर चालतो. त्यात केबल ताणली जाणं, कोकणातल्या खाऱ्या हवेत गंजून तिच्या आवरणातच अडकणं, आणि लिव्हरचे दाते झिजणं हीच मोठी दुखणी. नियमाप्रमाणे मालवाहू गाडीचा हा लिव्हर ओढायला ६०० न्यूटन, म्हणजे साठ किलोंहून थोडा जास्त, एवढाच जोर लागायला हवा. दोन्ही हातांनी लोंबकळून जो हँडब्रेक लागतो, तो लागलेलाच नसतो.

काही गाड्यांत पार्किंग ब्रेक चाकांवर नसून गेअरबॉक्सच्या मागे, शाफ्टवर असतो. शाफ्ट थांबवला की मागच्या आसाची दातचाकं तो जोर पाच-सहा पटींनी वाढवून चाकांना देतात, म्हणून छोटासा ड्रमही मोठी गाडी धरतो. पण शाफ्ट आणि चाकं यांच्यामध्ये डिफरन्शियल आहे. ते एका चाकाला पुढे आणि दुसऱ्याला मागे फिरू देतं. घाटात मागचं चाक पंक्चर झालं, जॅक लावून ते उचललं, की उचललेलं चाक हवेत उलटं फिरायला मोकळं होतं आणि जमिनीवरचं चाक तितकंच सुलटं. हँडब्रेक पूर्ण लागलेला असूनही गाडी जॅकवरून उतरून चालू पडते. तेही माणूस खाली बसलेला असताना. चाकांवर ब्रेक असलेल्या गाडीतही एका बाजूचं चाक उचललं की निम्मा ब्रेक गेला. उतारावर पंक्चर काढायचं तर जॅकला हात लावण्याआधी जमिनीवर राहणारी बाकीची चाकं अडवलेली हवीत.

उतारावर गाडी उभी करण्याचाही एक क्रम आहे. पायब्रेक दाबून पूर्ण थांबायचं, गेअर न्यूट्रलला घ्यायचा, हँडब्रेक लावायचा आणि मग पाय हळूहळू उचलायचा. ओझं पायब्रेकवरून स्प्रिंगवर येताना गाडी किंचित बसते. तेवढं चालतं. नंतर बाहेरच्या एखाद्या खांबावर किंवा झाडावर नजर ठेवायची, गाडी केसभरही सरकत नाही ना ते पाहायचं, आणि मगच इंजिन बंद. हँडब्रेक लावलेला असताना पायब्रेक जोरात दाबायचा नाही. हवेचा आणि स्प्रिंगचा जोर एकत्र येऊन स्लॅक आणि कॅमवर पडतो. हे टाळणारी झडप सगळ्या गाड्यांत असतेच असं नाही.

इंजिन बंद झाल्यावर गेअर टाकून ठेवायचा. तोंड वर असेल तर पहिला, तोंड खाली असेल तर रिव्हर्स, हे प्रत्येक ड्रायव्हरला माहीत असतं. कारण फारसं कुणी सांगत नाही. या जोडीत गाडी घरंगळायला लागली तर इंजिन उलट्या दिशेने फिरायला बघतं. तोंड खाली असताना पहिला गेअर टाकला, तर घरंगळणारी गाडी इंजिनाला सुलटं फिरवते, म्हणजे धक्का मारून गाडी चालू करतात तोच प्रकार, आणि जुन्या यांत्रिक पंपाचं डिझेल इंजिन ड्रायव्हरशिवाय सुरूही होऊ शकतं. गेअरच्या आधारावर मात्र रात्र काढू नये. सिलिंडरमधली दाबलेली हवा रिंगांमधून हळूहळू निसटते आणि गाडी एकेक दात पुढे जाते.

पुढची चाकं डोंगराकडे वळवून ठेवायची, दरीकडे नाही. आणि ठोकळा किंवा दगड टायरला अगदी चिकटवून लावायचा. अर्ध्या मीटर त्रिज्येच्या चाकाला दहा सेंटिमीटर उंचीचा टणक अडथळा चढून जायचा तर त्याच्यावरच्या वजनाच्या पाऊण पट आडवा जोर लागतो. उभ्या गाडीकडे तेवढी ओढ कधीच नसते. पण चार बोटं अंतर ठेवलं की गाडी तेवढ्यात वेग घेते आणि तोच दगड उडी मारून पार करते. ओढ्यातला गुळगुळीत गोटा तर चाकाबरोबर लोळत जातो. लाकडी पाचरीची जोडी गाडीत कायम असावी. निघताना दगड रस्त्यातच टाकून जाणं हा गुन्हा आहे असं मी मानतो. अंधारात त्याच वळणावरून येणाऱ्या दुचाकीला तो दिसत नाही.

ट्रेलरवाल्यांसाठी थोडं वेगळं. अनेक ट्रॅक्टर-ट्रेलरमध्ये हँडब्रेक ओढला की ट्रॅक्टरला स्प्रिंग लागते, पण ट्रेलरला लागतो तो हवेचा ब्रेक. थांबल्या क्षणी सगळी गाडी घट्ट उभी असते. रात्रीतून ट्रेलरची हवा गळाली की सगळं ओझं ट्रॅक्टरच्या स्प्रिंगवर येतं. म्हणून आर-१३ मध्ये एक अट आणखी आहे : ट्रेलर ओढणाऱ्या गाडीच्या पार्किंग ब्रेकने ट्रेलरसकट सगळी जोडी १२ टक्के चढावर एकट्याने धरली पाहिजे. त्यासाठी हँडब्रेकच्या कळीत एक तपासणीची जागा दिलेली असते. कळ शेवटच्या टोकापलीकडे आणखी दाबली की ट्रेलरचे ब्रेक सुटतात आणि फक्त ट्रॅक्टर धरून राहतो. तेव्हा गाडी सरकली, तर ती जागा रात्र काढायची नाही. ही तपासणीची सोय ज्या गाडीत आहे तिच्या ड्रायव्हरने ती दर मुक्कामाला वापरावी, हा माझा आग्रह आहे, आणि त्यामागे एक भयंकर घटना आहे.

५ जुलै २०१३ च्या रात्री कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात कच्च्या तेलाच्या ७२ टाक्यांची एक मालगाडी मुक्कामाला उभी होती. उतार फक्त १.२ टक्के. चालकाने सात हातब्रेक आवळले आणि ते धरतात का हे पाहिलं, पण पाहताना इंजिनाचा हवेचा ब्रेक लागलेलाच होता. गाडी हलली नाही, म्हणजे हातब्रेक पुरेसे आहेत असा अर्थ निघाला. पुढे इंजिनाला आग लागली, ती विझवताना इंजिन बंद केलं गेलं, आणि हवा भरायचं थांबलं. तासाभराने हवा इतकी गळाली की गाडी आपोआप निघाली आणि लाक-मेगांतिक या गावात रुळांवरून उतरली. ४७ माणसं गेली. चौकशीत निघालं की एवढ्या गाडीला किमान १७ हातब्रेक लागले असते. चाचणी झाली होती, पण चुकीच्या ब्रेकची. ट्रकच्या बाबतीत हीच चूक पायब्रेकवर पाय ठेवून हँडब्रेक ‘चेक’ करताना होते.

नव्या ट्रकमध्ये हिल होल्ड असतो. चढावर पुन्हा निघताना पाय ब्रेकवरून काढला की काही सेकंद गाडी मागे येत नाही. हा पार्किंग ब्रेक नव्हे. तिथे ब्रेक धरून ठेवलेला असतो तो झडपेने कोंडलेल्या हवेने, आणि ती सोय ॲक्सिलरेटर दाबेपर्यंतच्या वेळेपुरती आहे. काही ट्रकमध्ये आता बटणाचा पार्किंग ब्रेक आला आहे, चावी बंद केली की तो स्वतःच लागतो. विसरभोळ्या हातासाठी चांगली सोय आहे. पण बटणामागे स्प्रिंग तीच, स्लॅक तीच आणि ड्रमही तोच. दांडी सव्वादोन इंच बाहेर येत असेल तर डॅशबोर्डवरचा लाल दिवा तितक्याच ठळकपणे लागतो. युरोपात रस्त्यावर चालणाऱ्या गाडीचा पार्किंग ब्रेक वेळोवेळी रोलरवर तपासतात आणि वजनाच्या किमान १६ टक्के जोर दिसल्याशिवाय गाडी पास करत नाहीत. आपल्याकडे फिटनेसला गाडी नेताना मालकाने दोन्ही मागच्या चाकांचा पार्किंगचा आकडा वेगवेगळा मागून घ्यावा, आणि तो गाडीच्या कागदांत जपून ठेवावा. पुढच्या खेपेचा आकडा त्याच्या शेजारी ठेवला की कुठल्या बाजूची स्प्रिंग, स्लॅक की लायनर थकत चाललाय, ते घाटात जायच्या आधीच कळतं.